आईच्या वहीतलं मेतकूट आणि 'गि. ह. नं.'

नारायणपेठेतला
९ जानेवारी, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. प्रश्न दोनच आहेत, पण आधी थोडं पाल्हाळ लावणार आहे. घाई असेल त्यांनी सरळ शेवटचा परिच्छेद वाचावा.

माझी आई ८४ वर्षांची आहे. दिवाळीनंतर तिची कवळी बसेनाशी झाली आणि तेव्हापासून तिचं जेवण म्हणजे मऊ भात. सकाळीही तोच, रात्रीही तोच. त्याबद्दल तिची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती मेतकुटाबद्दल. विकतची चार वेगवेगळी आणून झाली. (कुणाकुणाची ते विचारू नका, त्या बिचाऱ्यांचा काही दोष नाही.) आई पहिला घास घेते, जीभ टाळ्याला लावून क्षणभर थांबते आणि म्हणते, "हे आपलं नाही." मग उरलेला भात दुधात कालवून मागते.

आता 'आपलं' म्हणजे कसलं, हे तिलाच विचारावं, तर तिचं हल्ली असं झालंय की सोमवारी म्हणते "गहू नाही घालत आपण मेतकुटात" आणि मंगळवारी म्हणते "गव्हाशिवाय कसलं मेतकूट, काहीतरीच". कधी मला माझ्या मामाच्या नावाने हाक मारते, कधी बाबा समजून अहो-जाहो करते. त्यामुळे तिची साक्ष ग्राह्य धरायची की नाही, हाच प्रश्न.

मग माळ्यावरून वही काढली. आई लग्न होऊन नारायण पेठेत आली ती १९६२ साली. आदल्या वर्षी १२ जुलैला पानशेत फुटलं होतं. आमच्या वाड्याचा तळमजला अख्खा पाण्याखाली होता. आजीची स्वयंपाकाची वही, धान्याचे डबे, लोणच्याच्या बरण्या सगळं गेलं. जातं जड म्हणून तेवढं जागेवर राहिलं, आणि गाळ उपसताना धान्य मापायचं एक पितळी चिपटं सापडलं. तर नवी सून घरात आल्यावर आजीने पहिल्या चातुर्मासात तिला समोर बसवून एकेक पदार्थ तोंडी सांगितला आणि आईने तो लिहून घेतला. बाजारात तोवर किलो-ग्रॅम आले होते, पण आजीच्या डोक्यात शेर-मापटंच होतं. आणि आईला कागद वाचवायची खोड! अजूनही दुधाच्या पिशवीवरची बाजू कोरी दिसली की तिला तिथे काहीतरी लिहावंसं वाटतं. त्यामुळे वहीत एकही शब्द पुरा नाही. मेतकुटाचं पान जसंच्या तसं उतरवतो:

"मेतकूट. ह. डा. १ शे., उ. डा. १ मा., तां. १ चि., मू. डा. १ को., गहू १ को., धने १ को., जिरे १ नि., मोह. अर्धं नि., मेथ्या सासूबाईंची अर्धी मूठ. सुंठ बोटभर, जाय. अर्धं, हिंग सुपारीएवढा. हळ. २ चमचे. सर्व वे. भा. मेथ्या शेवटी, विस्तव काढून. गि. ह. नं."

ह. डा. म्हणजे हरभरा डाळ, शे. म्हणजे शेर, मा. मापटं, चि. चिपटं, को. कोळवं, नि. निळवं, वे. भा. म्हणजे वेगवेगळं भाजणे. इथवर मी पोचलो. गहू आहे हेही ठरलं, म्हणजे मंगळवारची आई बरोबर.

दोनदा करून पाहिलं. पहिल्यांदा अंदाजाने, मिक्सरमध्ये. खरखरीत झालं, भातावर वाळू टाकल्यासारखं. दुसऱ्यांदा, म्हणजे परवा, घराजवळच्या (कोथरूडमधल्या) गिरणीत नेलं. गिरणीवाला दीड किलोच्या खाली घेईना, म्हणून दीड किलोचं केलं. पीठ मऊसूत आलं, पण रंग जरा मळकट वाटला. रात्री आईला वाढलं. तिने पहिला घास घेतला, थांबली, आणि विचारलं, "बाजरी कुणाची?" मी म्हटलं, अगं बाजरी कुठे आहे, मेतकूट आहे. "हो, पण बाजरी कुणाची?" असं पुन्हा विचारून तिने ताट सरकवलं. भोगी तोंडावर आलीय, तिला तीळ लावलेली भाकरी आठवत असेल, असं बायको म्हणाली. असेल.

आता प्रश्न. एक, हे शेर-चिपटं-निळवं ग्रॅममध्ये कुणी सांगेल का? दोन, शेवटचं ते 'गि. ह. नं.' म्हणजे काय? आईला विचारलं तर म्हणाली, "माझं अक्षर आहे का ते? छान आहे."

* * *

निवृत्त मास्तर
१० जानेवारी, सकाळी ६.१५

कोष्टक लिहून घ्या. २ निळवी म्हणजे १ कोळवं, २ कोळवी म्हणजे १ चिपटं, २ चिपटी म्हणजे १ मापटं, २ मापटी म्हणजे १ शेर. पुढे ४ शेरांची पायली, १६ पायल्यांचा मण. आम्हाला हे दुसरीत पाठ होतं. नंतर दशमान आलं आणि सगळं पुसून टाका म्हणाले, पण पुसलं गेलं नाही.

आता तुमच्या प्रश्नातच चूक आहे. ही मापं धान्य मापायची आहेत, तोलायची नाहीत. ती ग्रॅममध्ये सांगा म्हणणं म्हणजे बादली किती मीटर ते सांगा म्हणण्यासारखं आहे. तोलायचा शेर वेगळा, तो ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. मापाची पायली तर तालुक्यागणिक वेगळी होती. आणि मुळात ग्रॅम हवेतच कशाला? प्रमाण हे प्रमाण असतं. निळव्याला एक वाटी म्हणा. मग हरभरा डाळ १६ वाट्या, उडीद डाळ ८, तांदूळ ४, मूग, गहू, धने प्रत्येकी २, जिरे १, मोहरी अर्धी. वाटी लहान घ्या, नाहीतर गल्लीला पुरेल एवढं मेतकूट होईल.

दुसरं कोडं मला सुटलं नाही. व्याकरण असतं तर सांगितलं असतं.

* * *

दापोलीची आत्या
१० जानेवारी, सकाळी ९.०५

आम्ही मऊ भाताला आटवल म्हणतो आणि मेतकुटात गहू घालत नाही, म्हणजे तुमची सोमवारची आईसुद्धा बरोबर. पण ते जाऊ दे, ज्याचं त्याचं.

मास्तरांचं गणित वाचलं. मास्तर, शीग विसरलात, मापाच्या काठावर चढते ती रास! आमच्या सासूबाई धान्य शिगोशीग मापायच्या आणि मसाले सपाट. डाळीवर शीग चढते तशी जिऱ्यावर नाही चढत. मोठ्या तोंडाच्या मापावर शीग जास्त, चिमुकल्या मापावर नावाला. म्हणजे शिगेने मापलं तर तुमचं ते १६ ला ८, ८ ला ४ कागदावरच राहतं. नारायणपेठेतल्या भाऊंना चिपटं मिळालंय ना गाळातलं, तर त्यांनी त्याच चिपट्याने मापावं. हरभरा डाळ चार चिपटी, शीग लावून. विषय संपला.

आता भाजण्याचं ऐका, कारण मेतकूट बिघडतं ते मापात नाही, कढईत. जाड बुडाची कढई, आच मंद, तेलाचा थेंब नाही. हरभरा डाळीला सगळ्यात जास्त वेळ लागतो. वरून गुलाबी झाली म्हणून उतरवायची नाही, एक दाणा चावून बघायचा, आतून कच्चा लागला तर तुमचं मेतकूट कालवल्यावर बेसनासारखं वास मारणार. तांदूळ फुलून पांढरे दिसले की काढा. गहू तडतडायला लागतात. धने-जिरे फक्त वास सुटेपर्यंत. हिंगाचा खडा असेल तर तेवढा तुपात फुलवून मग कुटा. आणि 'मेथ्या शेवटी, विस्तव काढून' हे लिहिणाऱ्या बाईला माझा नमस्कार सांगा. मेथ्या गरम कढईत नुसत्या फिरवायच्या. तांबूस झाल्या की कडू, आणि मेथीचा कडूपणा पाव किलोतला असो की दोन किलोतला, लपत नाही.

सगळं भाजून झालं की पसरून पार गार होऊ द्या. कोमट असताना दळलं तर वाफ धरतं आणि बरणीत गाठी होतात. मिक्सरला लावू नका. पातं फिरून पीठ तापतं, हिंगाचा वास निम्मा तिथेच उडतो.

खायचं कसं हे सांगायला नको. पण कवळी नाही म्हणालात म्हणून सांगते, दह्यात मेतकूट भिजवून वर तूप-जिऱ्याची फोडणी घाला आणि तो गोळा भाताच्या मध्ये ठेवा. घशाखाली आपोआप उतरतं.

* * *

दोन फुल एक हाफ
१० जानेवारी, दुपारी १.३०

काका, एवढं सगळं करण्यापेक्षा पाचवं पाकीट आणून बघा की. एखादं लागेल बरोबर.

* * *

नारायणपेठेतला
१० जानेवारी, दुपारी ३.१०

पाचवं आणि सहावंही आणलं असतं, पण आता आईने पाकीट फाडल्याचा आवाज ओळखायला सुरुवात केलीय.

आत्या, मास्तर, दोघांचे आभार. चिपटं शोधलं. ते लेकीच्या टेबलावर होतं, तिचे स्केचपेन उभे करायला. रिकामं करून पाणी भरून बघितलं, काठोकाठ २७० मिली मावलं. म्हणजे चहाचा मोठा मग. आतल्या बाजूला बुडाशी अजून एक काळपट रेघ आहे, कितीही चिंचेने घासली तरी न जाणारी. ती पुराची, असं बाबा म्हणायचे. पण बाबा घरातल्या प्रत्येक डागाला पुराचा म्हणायचे.

शीग लावून डाळ मापली आणि सपाट मापली. चार चिपट्यांमागे जवळपास एका चिपट्याचा फरक पडला. आत्या, तुम्ही जिंकलात.

तांदूळ आंबेमोहर घेऊ का, हे आधी विचारायचं राहिलं. भाताला मी इंद्रायणी वापरतो. तो वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातला वाण, आंबेमोहरच्याच कुळातला, शिवाय नवा मिळाला की छान चिकट, गुरगुट्या होतो. पण दळायला कुठलाही चालत असावा.

'गि. ह. नं.' अजून तसंच आहे. कुणी?

* * *

चष्मा कुठे ठेवलाय
१० जानेवारी, सायंकाळी ७.४५

सोपं आहे. 'गिरणीतून (आणल्यावर) हळद नंतर.' हळद दळायला देत नाहीत, पूड वरून मिसळतात. वहीत हळद '२ चमचे' लिहिलीय, बाकी सगळं शेर-चिपट्यात, म्हणजे ती पूडच. जुळतंय बघा.

* * *

निवृत्त मास्तर
१० जानेवारी, रात्री ८.००

पटण्यासारखं आहे.

* * *

गिरणीवाल्याची मुलगी
११ जानेवारी, रात्री ११.२०

मला पटत नाही. वहीत हळद 'हळ.' अशी लिहिलीय आणि हरभरा 'ह.' असा. एवढी काटकसरीने लिहिणारी बाई एका अक्षराचे दोन अर्थ ठेवणार नाही.

ते 'गिरणीत हरभऱ्यानंतर' असं आहे. मी डोळे मिटून सांगते, कारण हे वाक्य मी लहानपणी हजार वेळा ऐकलंय.

कसब्यात आमची गिरणी होती. २००४ मध्ये बंद केली. दोन चक्क्या, एक कायमची गव्हाला आणि एक बाकी सगळ्याला. आठवीपासून शाळा सुटली की मी गल्ल्याशेजारी बसून नंबरच्या चिठ्ठ्या द्यायचे. डब्याच्या झाकणावर खडूने आकडा, आत चिठ्ठी, 'बारीक', 'भाकरीचं', 'रवाळ', 'लाडवाचं'. गुरुवारी बंद. दगड गुळगुळीत झाले की टाकी लावणारा माणूस यायचा, दिवसभर छिन्नीचा टकटक आवाज आणि आमच्या घरात त्या दिवशी भांडण, कारण धंदा बुडायचा.

तर गोष्ट अशी की चक्की कधीच रिकामी नसते. धान्य संपलं, पीठ पडायचं थांबलं, तरी दोन दगडांच्या मध्ये आणि खालच्या नळकांड्यात मूठ-दीड मूठ पीठ अडकून राहतं. ते पुढच्याच्या डब्यात जातं. गव्हावर गहू असेल तर कुणाला कळतही नाही. दहा किलोत मूठभर ज्वारी आली तरी खपतं. पण मेतकूट म्हणजे किलो-दीड किलो. त्यात आधीच्याची मूठ-दीड मूठ, तीही कच्च्या, न भाजलेल्या धान्याची! चव बदलतेच. म्हणून जाणत्या बायका आल्या की डबा ठेवायच्या आधी विचारायच्या, "आत्ता काय चाललंय?" गहू म्हटलं तर थांबायच्या. ज्वारी-बाजरी म्हटलं तर डबा काखेतून काढायच्याच नाहीत. हरभरा डाळीचा डबा आला की म्हणायच्या, "ह्याच्या मागे माझा लाव." मेतकुटात सगळ्यात जास्त हरभरा डाळच असते, त्यामुळे मागची मूठ आली तरी ती घरचीच. वडील तर मेतकुटाचा आणि भाजणीचा डबा वेगळ्या फळीवर ठेवायचे आणि बेसनवाला येईपर्यंत हात लावायचे नाहीत. कुणी घाई केली तर म्हणायचे, "तुमचंच तोंड खराब होईल, माझं काय जातंय?"

उलटा त्रासही असायचा. मेतकूट झाल्यावर लगेच कुणाचे गहू टाकले की त्या घरच्या पोळ्यांना हिंग-मेथीचा वास. एकदा एका घरी श्रीखंड-पुरीचा बेत होता आणि पुऱ्यांना मेतकुटाचा वास आला. ते गृहस्थ पुरी हातात घेऊन गिरणीत आले होते. त्यानंतर वडील मेतकुटामागून दोन मुठी जुनी डाळ चक्कीतून काढायचे, दगड धुवायला. हल्ली गिरणीवाले थोडं दळण घेत नाहीत ते ह्याच कटकटीमुळे, शिष्टपणा नाही तो.

भाजणीचं पान असेल तर तेही बघा. तिथे बहुतेक ज्वारी लिहिलेली असेल.

आणि एक. तुम्ही परवा दळून आणलंत, म्हणजे भोगीच्या आधीच्या आठवड्यात. त्या आठवड्यात पुण्यातल्या कुठल्याही गिरणीत सकाळपासून रात्रीपर्यंत काय चालू असतं? तुमच्या आईंनी 'भाकरी कधी करणार' असं विचारलं नाही. 'बाजरी कुणाची' असं विचारलं. त्यांना कसलाही भास झालेला नाही. गिरणीवाल्याला विचारून या.

* * *

दापोलीची आत्या
१२ जानेवारी, सकाळी ७.००

अंगावर काटा आला गं माझ्या.

* * *

नारायणपेठेतला
१७ जानेवारी, रात्री ९.४०

चार-पाच दिवस लिहायला जमलं नाही, माफ करा.

तुमचं वाचलं त्या रात्री वही पुन्हा उघडली. मेतकुटाच्या पुढे सहा पानं सोडून थालीपिठाची भाजणी आहे आणि तिच्याखाली लिहिलंय, 'गि. ज्वा. नं.' त्याच्या पुढच्या पानावर उपासाची भाजणी, तिथे 'गि. नको. घरी.' म्हणजे ती जात्यावर. ते जातं वाडा पाडला तेव्हा कुणीतरी बागेत ठेवायला घेऊन गेलं, आम्ही आनंदाने दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी गिरणीत गेलो. म्हटलं, त्या दिवशी माझ्या आधी काय लावलं होतं? तो हसला. "काका, ह्या आठवड्यात विचारताय? बाजरीच. तुमच्या आधी बाजरी, तुमच्या नंतर बाजरी." मी पिशवीतून ते मेतकूट काढून त्याला दाखवलं, त्याने चिमूट घेऊन बोटांत चोळली आणि म्हणाला, "आहे थोडी." एवढ्याच सहजपणे. आठ दिवस मी घरी सगळ्यांना सांगत होतो की आईचं आता जिभेचंही गेलं.

संक्रांत झाल्यावर नव्याने सगळं काढलं. चिपट्याने मापलं, धान्य शीग लावून, मसाले सपाट. सासूबाईंची अर्धी मूठ म्हणजे किती, ह्यावर बायकोचं आणि माझं जरा वाजलं. आजी ठेंगणी होती, हात लहान. शेवटी लेकीची मूठ घेतली, ती तेरा वर्षांची आहे. हरभरा डाळ भाजायला मला पंचवीस मिनिटं लागली, आत्या, प्रत्येक वेळी दाणा चावून बघत होतो, संध्याकाळपर्यंत जबडा दुखत होता. हळद वरून घातली, तेवढं चष्मेवाल्यांचं बरोबर.

कोथरूडच्या गिरणीत पुन्हा गेलो नाही. पेठेत लहानपणची एक गिरणी अजून चालू आहे, तिथे गेलो. काल, सकाळी साडेनऊला. गिरणीवाल्याला सांगितलं, हरभऱ्यानंतर लावा. त्याने वर बघितलं. म्हणाला, "बरेच दिवसांनी ऐकलं. बसावं लागेल." बसलो. गहू, गहू, ज्वारी, गहू, कुणाचं तरी इडलीचं जाडसर. एक बाई मला म्हणाल्या, तुमचा नंबर आधी आहे, लावा ना. मी म्हटलं, नको, तुमचं होऊ द्या. त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. पावणेअकराला एक मुलगा स्टीलचा डबा घेऊन आला, लाडवांसाठी डाळ, रवाळ. मला त्या मुलाला मिठी मारावीशी वाटली. रवाळ म्हटल्यावर गिरणीवाल्याने दगड सैल केले, त्याचं काढलं, पुन्हा आवळले आणि माझं लावलं. पहिली मूठ त्याने मला न विचारता बाजूला काढली.

पिवळंधमक आलंय. मळकटपणा कुठेच नाही.

रात्री आईला मऊ भात, साजूक तूप, मीठ आणि वर मेतकूट. बोलायचं नाही असं आम्ही आधीच ठरवलं होतं. लेक मात्र समोर बसून टक लावून बघत होती. आईने घास घेतला. जीभ टाळ्याला लावली. थांबली. दुसरा घास घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही गेला होतात दळायला?" तुम्ही म्हणाली, म्हणजे मी तेव्हा बाबा होतो. मी हो म्हटलं.

"किती वेळ बसवलं?"

"सव्वा तास."

"मग बरोबर," म्हणाली आणि तुपाची वाटी स्वतःकडे ओढली.

मेथ्या किंचित जास्त झाल्यात. ते तिने आज सकाळी सांगितलं, दोनदा. पुढच्या वेळी मुठीचं काय करायचं ते बघावं लागेल, तोवर लेकीचा हातही वाढलेला असेल.

गिरणीवाल्याची मुलगी, तुमच्यासाठी एक बरणी बाजूला काढून ठेवलीय. पत्ता इथे लिहू नका, पेठेतल्या त्या गिरणीत तुमच्या नावाने ठेवतो. त्यांना सांगितलंय, कसब्यातल्या गिरणीची मुलगी येईल म्हणून. ते म्हणाले, ओळखतो.

* * *

गिरणीवाल्याची मुलगी
१७ जानेवारी, रात्री १०.१५

शनिवारी जाते. डबा माझा नेते, बरणी परत नेण्याची कटकट नको. आणि त्यांनी पहिली मूठ बाजूला काढली हे वाचून बरं वाटलं. हल्ली कुणी काढत नाही.

* * *

दापोलीची आत्या
१८ जानेवारी, सकाळी ७.१०

मेथ्यांचं मी आधीच सांगितलं होतं. आईंना नमस्कार सांगा. आणि गहू न घालता एकदा करून बघा, सोमवारी.

* * *

निवृत्त मास्तर
१८ जानेवारी, सकाळी ७.३०

मीही शनिवारी त्याच बाजूला असतो. चिपटंभर द्या. सपाट चालेल.